डॉक्टरांचे देशांतर

दुर्ग जिल्ह्याचा २०१२ पूर्वीचा नकाशा पाहिला, तर त्यात एकमेकांवर अवलंबून असलेली दोन गावे दिसतात. उत्तरेस भिलाई आणि दक्षिणेस दल्ली-राजहरा. दल्ली-राजहराच्या डोंगरांतून निघालेले लोहखनिज आगगाडीने भिलाईला जाते आणि तेथील झोतभट्ट्यांत त्याचे लोखंड होते. सोविएत रशियाशी १९५५ साली झालेल्या करारातून हा पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भातशेतीच्या या प्रदेशात अल्पावधीत एक आखीव नगर वसले. रस्ते, शाळा, पाणी यांची सोय झाली आणि सेक्टर ९ मध्ये एक मोठे रुग्णालय उभे राहिले. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले अभियंते जसे तेथे स्थायिक झाले, तसेच डॉक्टरही झाले.

खाणीच्या टोकाला मात्र चित्र वेगळे होते. कारखान्याच्या कायम नोकरांसाठी तेथेही औषधोपचाराची व्यवस्था होती; परंतु ठेकेदारांच्या हाताखाली घण आणि पहार घेऊन खनिज फोडणारे हजारो मजूर त्या व्यवस्थेच्या कडेला पडले होते. खनिज दक्षिणेकडून उत्तरेकडे रोज जात होते. डॉक्टर मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे क्वचितच येत. डॉक्टरांच्या देशांतराचा प्रश्न समजून घ्यावयाचा असेल, तर लंडन किंवा न्यूयॉर्क येथून आरंभ करण्याऐवजी अशा खाणीच्या गावातून आरंभ करणे अधिक उपयुक्त ठरते. गरीब देशांतून श्रीमंत देशांत होणारे डॉक्टरांचे स्थलांतर ही एक लांबलचक रांग आहे आणि तिचे शेवटचे टोक अशाच गावात असते.

रिकामी जागा कोठे जाते?

एखाद्या सभागृहाची कल्पना करावी. सर्व खुर्च्या भरलेल्या आहेत. पहिल्या रांगेतील एक मनुष्य उठून गेला. त्याची जागा चांगली, म्हणून दुसऱ्या रांगेतील एकजण पुढे येऊन तेथे बसला. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर तिसऱ्या रांगेतील मनुष्य आला. असे होत होत थोड्याच वेळात पहिल्या रांगा पूर्ववत् भरलेल्या दिसतात आणि रिकामी खुर्ची अगदी मागच्या रांगेत जाऊन पोहोचते. माणसे पुढे सरकली. रिकामी जागा मागे सरकली. मागच्या रांगेच्याही मागे कोणी नसल्यामुळे ती खुर्ची तशीच रिकामी राहते.

डॉक्टरांच्या बाबतीत नेमके हेच घडते. इंग्लंडमधील डॉक्टर कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात जातो. त्याच्या जागी भारतातील मोठ्या शहराचा डॉक्टर इंग्लंडला जातो. मोठ्या शहरातील जागा जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर भरून काढतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तालुक्याचा डॉक्टर येतो. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र कोणी येत नाही. यांपैकी प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर त्यात गैर असे काहीच दिसत नाही. प्रत्येकजण अधिक वेतन, उत्तम साधने, मुलांचे शिक्षण किंवा वरिष्ठांचे मार्गदर्शन यांसाठी एक पाऊल पुढे टाकतो. पण या साऱ्या पावलांची बेरीज शेवटी ज्याच्या वाट्याला येते, तो खेड्यातील रोगी त्या निर्णयांत कोठेच नसतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देश सोडून गेलेल्या डॉक्टरांची संख्या मोजली म्हणजे तोटा मोजला असे होत नाही. तोटा होतो तो डॉक्टर जेथून निघाला त्या ठिकाणी नव्हे, तर रिकामी जागा जेथे जाऊन थांबते त्या ठिकाणी.

जाणे आणि गमावणे

परदेशी जाणे ही स्वतः हानीची गोष्ट आहे, असे मानण्याचे कारण नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांचा अंत झाला. त्या काळी स्त्रियांना आधुनिक वैद्यकाचे शिक्षण मायदेशात मिळणे दुरापास्त होते. तेथे परदेशगमन हाच विद्येचा मार्ग होता. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस यांनी तर उलट दिशेने प्रवास केला. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. युद्धाने होरपळलेल्या त्या देशात त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

ज्ञान मिळविण्यासाठी जाणे आणि ज्ञान देण्यासाठी जाणे या दोन्ही गोष्टी वैद्यकाच्या इतिहासात आदरणीय ठरल्या आहेत. प्रश्न निर्माण होतो तो हे जाणे एकाच दिशेने, दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणावर होऊ लागते तेव्हा.

पदवी हेच पारपत्र

भारतातील डॉक्टर इतक्या मोठ्या संख्येने परदेशी जाऊ शकले, याचे एक कारण त्यांच्या पदवीच्या घडणीतच आहे. ब्रिटिश राजवटीत येथे दोन प्रकारचे डॉक्टर तयार होत. विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतून पदवीधर बाहेर पडत. त्यांचा अभ्यासक्रम इंग्लंडमधील अभ्यासक्रमाच्या नमुन्यावर बेतलेला असे आणि त्यांच्या पदवीस तेथील जनरल मेडिकल कौन्सिलची मान्यता असे. दुसरा वर्ग होता वैद्यकीय शाळांतून कमी मुदतीचे शिक्षण घेतलेल्या परवानाधारकांचा. मध्यप्रांतात नागपूरचे रॉबर्टसन मेडिकल स्कूल असे परवानाधारक तयार करी. १९०६ साली स्थापन झालेला दुर्ग जिल्हाही त्या काळी मध्यप्रांतात मोडत असे आणि नागपूर ही त्याची राजधानी होती.

इंग्रजी मान्यतेचे महत्त्व किती होते, हे १९३० मध्ये दिसून आले. प्रसूतिशास्त्राचे शिक्षण अपुरे असल्याचे कारण देऊन जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यावरून मोठा वाद झाला आणि वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी १९३३ च्या कायद्याने भारताची स्वतःची वैद्यक परिषद स्थापन झाली.

पुढे सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. देशात तेव्हा सुमारे ४७,५०० डॉक्टर होते. म्हणजे सरासरी ६,३०० लोकांमागे एक. त्यांपैकी जवळजवळ ३०,००० परवानाधारक होते. समितीच्या बहुमताने असे ठरविले की, यापुढे एकाच प्रतीचा, पूर्ण शिक्षण घेतलेला डॉक्टर तयार करावा आणि परवान्याचा अभ्यासक्रम बंद करावा. काही सदस्यांनी याला विरोध नोंदविला. देशाची निकड एवढी मोठी असताना कमी मुदतीचे शिक्षण बंद करणे परवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु बहुमताचा निर्णय टिकला आणि वैद्यकीय शाळा बंद झाल्या किंवा त्यांची महाविद्यालये झाली.

या निर्णयामागील हेतू उदात्त होता. गरिबाला दुय्यम दर्जाचा डॉक्टर का द्यावा, हा प्रश्न रास्तच होता. पण त्याचा एक परिणाम त्या वेळी फारसा लक्षात आला नाही. जगात कोठेही चालेल अशी पदवी घेतलेला डॉक्टर जगात कोठेही जाऊ शकतो. दर्जाची एकसमानता हेच त्याचे पारपत्र झाले.

समुद्रापलीकडील मागणी

दार उघडे असले तरी पलीकडून कोणी बोलावल्याशिवाय मनुष्य जात नाही. हे बोलावणे श्रीमंत देशांतील चुकलेल्या हिशेबातून आले. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि प्रत्येक नागरिकाला मोफत उपचार मिळू लागले. साहजिकच डॉक्टरांची गरज वाढली. तथापि १९५७ मध्ये विलिंक समितीने नेमका उलटा अंदाज केला. पुढे डॉक्टर जास्त होतील, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेश कमी करावेत, असे तिने सुचविले. त्याच सुमारास इंग्लंडचे स्वतःचे डॉक्टर कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथे जाऊ लागले होते. ही पोकळी भारत, पाकिस्तान व सिलोन येथील तरुण डॉक्टरांनी भरून काढली. मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि वेल्समधील कोळशाच्या खाणींची गावे येथे भारतीय डॉक्टर दिसू लागले. विशेष म्हणजे इंग्रज डॉक्टर ज्या जागा व ज्या शाखा टाळत, त्याच बहुधा त्यांच्या वाट्याला आल्या. वृद्धांचे आजार, मनोविकार आणि औद्योगिक वस्त्यांतील सामान्य दवाखाने ही त्यांची क्षेत्रे झाली. वेल्समधील खाणकामगाराला भारतीय डॉक्टर मिळाला. दल्ली-राजहराच्या खाणकामगाराला मिळणे मात्र दुष्कर राहिले.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने देशागणिक ठरलेला जुना कोटा रद्द झाला आणि शिक्षित व्यावसायिकांना प्रवेश सुलभ झाला. त्याच वर्षी वृद्धांसाठी सरकारी आरोग्य विम्याची योजना मंजूर झाली व रुग्णालयांत डॉक्टरांची मागणी एकदम वाढली. पुढे १९७५ मध्ये इंग्लंडने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढली आणि परीक्षा घेण्यास सुरुवात केली. अमेरिकेनेही १९७६ च्या कायद्याने नियम कडक केले. प्रवाह काही काळ मंदावला; पण थांबला नाही. परीक्षेची अट म्हणजे एक चाळणी होती आणि तिच्यातून अधिक हुशार, अधिक कसलेले डॉक्टर पार होत राहिले.

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९७२ च्या सुमारास जगातील सुमारे १,४०,००० डॉक्टर आपला देश सोडून अन्यत्र काम करीत होते. जगातील एकूण डॉक्टरांच्या ते सहा टक्के होत. २००५ साली फिट्झ्यू मलन या अमेरिकन संशोधकाने केलेल्या मोजणीत असे आढळले की, अमेरिका, इंग्लंड, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या चार देशांत दर चार डॉक्टरांपैकी जवळजवळ एक परदेशात शिकलेला होता. या चार देशांत भारतात शिकलेले सुमारे ६०,००० डॉक्टर काम करीत होते. एवढी मोठी संख्या दुसऱ्या कोणत्याही देशाची नव्हती.

आणखी एक निरीक्षण विचार करावयास लावणारे आहे. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ मध्ये सार्वजनिक पैशातून स्थापन झाली. १९८९ ते २००० या काळात तेथून बाहेर पडलेल्या पदवीधरांचा शोध घेतला असता त्यांतील ५४ टक्के देशाबाहेर राहत असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे शिक्षण जितके उच्च, तितके देशांतर अधिक.

परंतु टक्केवारीने एक गोष्ट झाकली जाते. समजा, एका जिल्ह्यात शंभर डॉक्टर आहेत आणि त्यांपैकी एकच भूलतज्ज्ञ आहे. तो गेला, तर डॉक्टरांची संख्या केवळ एक टक्क्याने घटली असे कागदावर दिसेल. पण शल्यविशारद आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जागेवर असूनही मोठ्या शस्त्रक्रिया बंद पडतील. अडलेल्या बाळंतिणीला दुसऱ्या जिल्ह्यात न्यावे लागेल. आधुनिक वैद्यक हे एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांसारखे आहे. त्यातील एक चाक काढले की बाकीची चाके शाबूत असूनही थांबतात. शिवाय ते चाक नवे घडविण्यास वेळ लागतो. पदवीसाठी साडेपाच वर्षे आणि विशेष शिक्षणासाठी आणखी तीन वर्षे धरली, तर आज रिकामी झालेली जागा आज प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याकडून भरण्यास किमान साडेआठ वर्षे लागतात.

दार बंद करण्याचे उपाय

या प्रश्नावर सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे डॉक्टरांना अडविणे. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्यांकडून एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र लिहून घेतले जाते आणि सेवा न केल्यास दंड भरावा लागतो. अन्य राज्यांतही अशी बंधने आहेत. २०११ मध्ये केंद्र सरकारने अमेरिकेत शिकणाऱ्या डॉक्टरांना 'भारतात परतण्याचे बंधन नाही' असे प्रमाणपत्र देणे थांबविण्याचा निर्णय घेतला.

या उपायांना मर्यादा आहेत. आपला देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परत येण्याचा अधिकार १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात प्रत्येक मनुष्याला दिलेला आहे. डॉक्टर त्याला अपवाद नाही. शिवाय बंधनाने राहिलेला मनुष्य दिवस मोजत राहतो. एक वर्षासाठी खेड्यात आलेल्या तरुण डॉक्टरला तेथे औषधे, परिचारिका, प्रयोगशाळा आणि सल्ला देणारा ज्येष्ठ सहकारी यांपैकी काहीच मिळाले नाही, तर त्या वर्षात तो एवढेच शिकतो की येथे पुन्हा येऊ नये.

दुसरा उपाय भरपाईचा. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७२ मध्ये अशी सूचना केली की, परदेशी स्थायिक झालेल्या व्यावसायिकांच्या उत्पन्नावर थोडा अधिक कर बसवावा आणि ते द्रव्य विकसनशील देशांस द्यावे. कर वसूल कोणी करावा, कोणत्या कायद्याने करावा, असे अनेक प्रश्न निघाले आणि ती सूचना अमलात आली नाही. परदेशी गेलेले डॉक्टर घरी पैसे पाठवितात हे खरे. पण तो पैसा त्यांच्या कुटुंबाकडे जातो, तालुक्याच्या दवाखान्याकडे नव्हे.

तिसरा उपाय आंतरराष्ट्रीय संकेताचा. २०१० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने आरोग्यसेवकांच्या भरतीविषयी एक आचारसंहिता स्वीकारली. श्रीमंत देशांनी आपल्या गरजेपुरते डॉक्टर स्वतः तयार करावेत आणि तीव्र टंचाई असलेल्या देशांतून आपणहून भरती करू नये, असे तिचे सांगणे आहे. ती ऐच्छिक आहे, हे तिचे दौर्बल्य. तथापि देशांतराची जबाबदारी केवळ जाणाऱ्या डॉक्टरवर नसून बोलावणाऱ्या देशावरही आहे, हे तत्त्व तिने मान्य केले.

शेवटच्या रांगेतील प्रयोग

पुढची रांग अडविता येत नसेल, तर मागच्या रांगेपासून आरंभ करता येईल काय? या प्रश्नाची काही उत्तरे दुर्गच्याच परिसरात सापडतात.

दल्ली-राजहराच्या ठेका मजुरांनी १९७७ मध्ये आपली संघटना बांधली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात त्यांचे काही सोबती मृत्युमुखी पडले. शंकर गुहा नियोगी हे या संघटनेचे नेते होते. पुढे संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात मरण पावल्या. आपल्यासाठी आपणच दवाखाना उभारावा, असा निश्चय मजुरांनी केला. १९८२ मध्ये लहानसा दवाखाना निघाला आणि ३ जून १९८३ रोजी पंधरा खाटांचे शहीद रुग्णालय सुरू झाले. मजुरांनी स्वतः वर्गणी दिली आणि स्वतःच्या श्रमाने भिंती उभारल्या. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना यांसारखे डॉक्टर तेथे आले. खाणीतील स्त्री-पुरुषांनाच त्यांनी आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. अतिसारात मीठ-साखरेच्या पाण्याचा उपयोग, अनावश्यक इंजेक्शने टाळणे यांसारख्या गोष्टी वस्त्यावस्त्यांतून शिकविल्या जाऊ लागल्या. पुढे खाटांची संख्या अनेक पटींनी वाढली. १९९१ च्या सप्टेंबरात भिलाई येथे नियोगी यांची हत्या झाली. तरीही रुग्णालय चालू राहिले. डॉक्टर जाना तर तेथे कित्येक दशके राहिले. या डॉक्टरांना कोणत्याही बंधपत्राने बांधलेले नव्हते. आपल्या कामाचा अर्थ जाणणारा समाज त्यांच्या भोवती होता आणि काम करता येईल अशी संस्था त्यांच्या हाती होती.

परंतु अशा ध्येयवादी डॉक्टरांची संख्या नेहमीच थोडी असणार. सार्वजनिक व्यवस्था अपवादांवर उभी करता येत नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य निर्माण झाले, तेव्हा त्याच्या हद्दीत रायपूरचे १९६३ मध्ये स्थापन झालेले एकच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. नव्या राज्याने २००१ मध्ये एक कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. भोर समितीच्या वेळी बंद झालेले दार जणू पुन्हा किलकिले झाले. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. पदविकेचे नाव काय असावे यावर वाद झाला. विद्यार्थ्यांनीही अनिश्चित भवितव्यामुळे निषेध केला आणि काही वर्षांतच प्रवेश थांबले. मात्र जे शिकून बाहेर पडले त्यांना ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांची पदवीधर डॉक्टरांशी तुलना करण्यात आली. खेड्यांत नेहमी आढळणारे आजार ओळखणे आणि त्यांवर उपचार करणे यांत हे साहाय्यक पदवीधरांच्या बरोबरीचे ठरले.

या निष्कर्षाचा अर्थ जपून लावला पाहिजे. तीन वर्षांचे शिक्षण साडेपाच वर्षांच्या शिक्षणाची जागा सर्वत्र घेऊ शकते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. शल्यक्रिया, गुंतागुंतीचे विकार, सिकलसेलसारख्या या प्रदेशात आढळणाऱ्या रक्तदोषाचे दीर्घकालीन उपचार यांसाठी तज्ज्ञ लागणारच. दुसराही एक प्रश्न उरतो. ज्याच्या पदविकेला राज्याबाहेर मोल नाही तो खेड्यात राहतो, हे खरे; पण मनुष्याला दुसरीकडे जाता येत नाही म्हणून त्याला राखणे, हा न्यायाचा पाया नव्हे. त्याला योग्य वेतन, पुढे शिकण्याची वाट आणि कामाचा मान मिळाला, तरच ही व्यवस्था टिकाऊ म्हणता येईल.

याहून व्यापक प्रयोग मितानिनांचा. छत्तीसगडी भाषेत 'मितानिन' म्हणजे विधिपूर्वक जोडलेली मैत्रीण. २००२ पासून प्रत्येक पाड्यातील लोकांनी आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिने आरोग्याचे प्राथमिक शिक्षण घ्यावे, अशी योजना सुरू झाली. काही वर्षांत सुमारे ६०,००० मितानिना काम करू लागल्या. २००५ मध्ये देशभर सुरू झालेल्या 'आशा' योजनेस या अनुभवाचा आधार मिळाला. मितानिन परदेशी जात नाही. कारण ती गावाचीच असते. ती डॉक्टर नव्हे. पण डॉक्टरकडे केव्हा जावे आणि केव्हा त्याची गरज नाही, हे तिला कळते.

राजनांदगावचा प्रदेश १९७३ पर्यंत दुर्ग जिल्ह्यातच होता आणि त्याला लागून महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभारली. गावातील स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण त्यांनी दिले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. परदेशी मिळविलेले ज्ञान शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले, तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

पुढील वाटचाल

दुर्ग आणि आसपासच्या प्रदेशात आता वैद्यकीय शिक्षणाच्या सोयी वाढल्या आहेत. रायपूरला २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. दुर्गजवळील कचांदूर येथे चंदूलाल चंद्राकर यांच्या स्मरणार्थ २०१३ मध्ये निघालेले खाजगी वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये राज्य सरकारने ताब्यात घेतले. महाविद्यालये वाढली की डॉक्टर वाढतील. परंतु केवळ डॉक्टर वाढल्याने रिकामी जागा भरते असे नव्हे. वरच्या रांगांत मागणी असेपर्यंत नवे डॉक्टरही पुढेच सरकत राहतील.

याविषयी निरनिराळ्या देशांतील अनुभव एकत्र करून जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये काही शिफारशी केल्या. ग्रामीण भागातच वाढलेल्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणात प्रवेश मिळावा. महाविद्यालये महानगरांबाहेर असावीत. शिक्षणकाळातच विद्यार्थ्याला खेड्यातील दवाखान्यात काम करण्याची सवय लागावी. तेथे राहण्यायोग्य घर, चालू यंत्रसामग्री आणि वरिष्ठांचा आधार मिळावा. यांतील एकही गोष्ट चमत्काराची नाही. प्रत्येकीला पैसा, वेळ आणि चिकाटी लागते एवढेच. जो विद्यार्थी गावातून आला, गावाजवळ शिकला आणि गावात काम करण्याची साधने ज्याला मिळाली, त्याला मागच्या रांगेतील खुर्ची परकी वाटत नाही.

देश सोडून जाणाऱ्या डॉक्टरला कृतघ्न म्हणणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने कोणत्याही रोग्याला उपचार मिळत नाही. श्रीमंत देशांनी आपली गरज आपल्या विद्यार्थ्यांतून भागवावी, ही मागणी करीत राहणे योग्यच आहे. त्याबरोबर आपल्या योजनांची परीक्षा घेण्याची रीतही बदलली पाहिजे. नवे महाविद्यालय निघाले, वेतन वाढले किंवा बंधपत्राची रक्कम बदलली, तर राज्यात किती डॉक्टर झाले एवढेच पाहून थांबू नये. खाणीच्या वस्तीतील, जंगलाच्या कडेच्या पाड्यातील आणि तालुक्याच्या दवाखान्यातील किती जागा भरल्या आणि त्या पाच वर्षांनंतरही भरलेल्या राहिल्या काय, हे मोजावे. तेथे बाळंतीण वेळेवर तपासली जाऊ लागली, म्हणजे देशांतराचा प्रश्न सुटू लागला असे खात्रीने म्हणता येईल.